रौद्र : क्रोध कोणाचा? — एक आयरिश सागरचित्र आणि मराठी निसर्गसमीक्षा

१

मराठी समीक्षेतील काही विशेषणे अशी आहेत, की ती एकदा उच्चारली म्हणजे पुढे विचार करण्याची जबाबदारी संपते. 'रौद्र' हे त्यांतलेच एक. कादंबरीतील समुद्र असो, प्रवासवर्णनातील कडा असो वा भिंतीवरचे निसर्गचित्र असो. लाटा उंच, आभाळ काळवंडलेले आणि माणूस लहान दिसला, की समीक्षक 'निसर्गाचे रौद्र रूप' असे लिहून मोकळा होतो. पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी तेच शब्द उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि त्यांना त्याचे गुणही मिळतात. ज्या रसव्यवस्थेतून हा शब्द आला, तिच्याशी त्याच्या या वापराचे नाते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

भरतप्रणीत व्यवस्थेत रौद्राचा स्थायिभाव क्रोध होय. भय उपजवणारे दृश्य भयानकाकडे जाईल, थक्क करणारे दृश्य अद्भुताकडे जाईल. रौद्राला मात्र क्रुद्ध होणारे कोणीतरी लागते, आणि ज्याच्यावर क्रुद्ध व्हावे असेही कोणीतरी लागते. समुद्र रागावत नाही. शिवाय या व्यवस्थेत निसर्ग प्रायः उद्दीपनविभाव म्हणून येतो. चंद्रोदय, वसंत, मेघ हे सारे कोणाच्या तरी चित्तातील भाव चेतवतात. तेव्हा 'रौद्र निसर्ग' असे म्हणताच दोन प्रश्न अटळ ठरतात : हा क्रोध कोणाचा आणि हे उद्दीपन कोणासाठी? हे दोन्ही प्रश्न टाळण्याची सोय म्हणूनच ते विशेषण आज वापरले जाते. या सोयीची किंमत काय असते, हे पाहण्यासाठी मराठीबाहेरचे उदाहरण घेणे श्रेयस्कर; घरच्या किनाऱ्याचे उदाहरण घेतले, की जिव्हाळा चिकित्सेच्या आड येतो.

२

डब्लिन येथील आयर्लंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहात जॉर्ज पीट्री (१७९०–१८६६) या चित्रकाराचे 'दून एंगस'चे जलरंगचित्र आहे. ते १८२७च्या सुमाराचे मानले जाते. गॉलवेच्या उपसागराच्या मुखाशी आरनची तीन बेटे आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाच्या नैऋत्य कडेला, सुमारे नव्वद मीटर उंचीच्या सरळ तुटलेल्या कड्यावर हा प्रागैतिहासिक दुर्ग उभा आहे. चुना वा माती न वापरता रचलेल्या दगडी भिंतींची अर्धवर्तुळे, त्यांच्याभोवती शत्रूला अडवण्यासाठी रोवलेल्या अणकुचीदार दगडांचा पट्टा, आणि जेथे भिंत संपते तेथे एकदम अटलांटिक महासागर. पीट्रीने विषय म्हणून निवडला तो हा दुर्ग, हा कडा आणि हा समुद्र.

पीट्री हा केवळ चित्रकार नव्हता. तो पुरातत्त्वाचा अभ्यासक होता, लोकसंगीताचा संग्राहक होता, आणि 'चार आचार्यांची बखर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयरिश इतिवृत्ताच्या मूळ हस्तलिखिताचा एक भाग रॉयल आयरिश अकादमीसाठी १८३१ मध्ये मिळवणारा संशोधक होता. उपजीविकेसाठी त्याने प्रवासमार्गदर्शक ग्रंथांना चित्रे पुरवली. १८३५ ते १८४२ या काळात तो आयर्लंडच्या सरकारी भूमापन खात्याच्या स्थलवर्णन विभागाचा प्रमुख होता. एकाच माणसाच्या ठायी एकवटलेल्या या भूमिका परस्परांना छेद देणाऱ्या आहेत, आणि म्हणूनच त्याचे चित्र कोणत्याही एका सूत्रात सहज बसत नाही. तरीही आपल्याकडे उपलब्ध असलेली दोन सूत्रे त्याला बसवू पाहतील. त्या दोहोंची परीक्षा करणे हा येथील हेतू आहे.

३

पहिले सूत्र सौंदर्यवादी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या आधारे कलाकृतीच्या रचनेचा जो विचार मांडला, तो आजही मराठी समीक्षकाच्या हाताशी असलेले सर्वांत धारदार हत्यार आहे. ते बोथट झाले ते वापरणाऱ्यांच्या हाती. या चित्राला ते लावून पाहावे. कड्याची उभी रेषा आणि समुद्राची आडवी पातळी यांचा विरोध. भिंतीच्या दगडाचा कड्याच्या दगडाशी संवाद, कारण दोन्ही चुनखडकाचेच. आणि या ताणांतून साधलेला समतोल. हे विश्लेषण चूक नाही. पण ते जेथे थांबते तेथेच खरा प्रश्न सुरू होतो. भिंतीचा दगड आणि कड्याचा दगड यांच्यात संवादलय आहे, असे म्हणताना एक दगड माणसाने उचलून ठेवला आणि दुसरा ठेवला नाही, हा भेद पुसला जातो. माणसाची कृती निसर्गाच्या पोतात विरघळते, आणि अशा विरघळण्यालाच मग 'रौद्र सौंदर्य' हे नाव मिळते.

ही दृष्टी कालातीत नाही, तिला जन्मतारीख आहे. १७२९ मध्ये डब्लिन येथे जन्मलेल्या एडमंड बर्कने १७५७ साली उदात्त आणि सुंदर यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि भीतीला सौंदर्यशास्त्रात प्रतिष्ठेचे स्थान दिले. बर्कने घातलेली अट अशी, की धोका व वेदना फार जवळ आल्या तर आनंद उरत नाही. काही अंतर राखले गेले तरच भयातून आल्हाद निर्माण होतो. उदात्ताचा अनुभव घेण्यासाठी म्हणजे कड्यावर उभे राहावे लागते, पण कड्याखाली होडी घेऊन जावे लागता कामा नये. रसमीमांसेच्या भाषेत सांगायचे, तर उद्दीपन येथे पाहुण्याच्या चित्ताचे होते. यजमानाच्या चित्तात त्याच लाटेने काय चेतवले असेल, याची दखल या सौंदर्यशास्त्राच्या व्याख्येतच नाही.

ती दखल घेणारे चित्र पीट्रीच्याच वर्तुळात काढले गेले. फ्रेडरिक विल्यम बर्टन हा त्याचा तरुण स्नेही. त्याने १८४१ मध्ये 'आरनच्या मच्छीमाराचे बुडालेले मूल' हे चित्र पूर्ण केले. समुद्र तोच, बेटे तीच; पण चित्र आहे ते घरातले, मृत मुलाभोवती जमलेल्या आईबापांचे आणि आकांत करणाऱ्या माणसांचे. समुद्राने काय केले ते येथे लाटेतून कळत नाही, मुलाच्या देहातून कळते. या चित्रात शोकाला आलंबन आहे. म्हणून समीक्षक येथे 'करुण' असे म्हणतो तेव्हा शब्द नेमका बसतो. आणि दून एंगसपुढे उभा राहून 'रौद्र' म्हणतो तेव्हा तो सैल पडतो.

४

दुसरे सूत्र वसाहतोत्तर समीक्षेचे. साम्राज्य आणि निसर्गदृश्य यांच्या नात्याची जी चर्चा विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत झाली, आणि डब्ल्यू. जे. टी. मिचेल यांनी संपादित केलेल्या १९९४ सालच्या ग्रंथाने जिला अधिष्ठान दिले, ती आपल्याकडे वेगाने पोहोचली. तिने समीक्षेला सत्तेचे भान दिले, हे निःसंशय. परंतु भान आणि सवय यांत फरक असतो. आता निसर्गचित्र दिसताच 'वसाहतिक दृष्टी' हा निष्कर्ष आधीच हजर असतो. चित्र केवळ दाखल्यापुरते बोलावले जाते. पीट्रीच्या बाबतीत तर आरोपपत्र तयारच आहे : ब्रिटिश भूमापन खात्याचा अधिकारी, त्याने रेखाटलेला 'रिकामा' किनारा, आणि खात्याने इंग्रजी वळणावर नेलेली आयरिश स्थलनामे. ब्रायन फ्रील यांचे 'ट्रान्सलेशन्स' हे १९८० साली रंगभूमीवर आलेले नाटक वाचलेल्या विद्यार्थ्याला तर पुरावा शोधण्याचीही गरज वाटणार नाही.

पण पुरावा शोधावा लागतो. पीट्री आरनवर प्रथम गेला तो १८२१ मध्ये, म्हणजे आयर्लंडचे भूमापन सुरू होण्यापूर्वी. चित्र साधारण १८२७चे. आणि खात्यात त्याने स्थलवर्णनाची सूत्रे हाती घेतली ती १८३५ मध्ये. चित्राला खात्याचे अपत्य ठरवायचे, तर कार्य कारणाच्या आठ वर्षे आधी घडले असे मानावे लागेल. फ्रील यांच्या नाटकात भूमापनासाठी येणारे सैनिक संगिनी घेऊन येतात. भूमापनाचा इतिहास १९७५ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे इतिहासकार जे. एच. अँड्रूज यांनी नाटकातील अशा तपशिलांवर आक्षेप घेतले. स्थलनामांची चौकशी प्रत्यक्षात केली ती जॉन ओ'डोनव्हनसारख्या आयरिश भाषेच्या व्यासंगी पंडिताने, गावोगाव पायी हिंडून, वृद्धांच्या तोंडून मूळ रूपे टिपून घेत. नाटकाला इतिहासाशी असे खेळण्याचा अधिकार आहे. समीक्षेला तो नाही. नाटकातील प्रतिमा उचलून चित्रावर चिकटवणे हा सिद्धान्त नव्हे, तो वाङ्मयीन आळस आहे.

याचा अर्थ भूमापन निरुपद्रवी होते असा नाही. करआकारणीसाठी जमिनीच्या सीमा निश्चित करणे हे त्याचे प्रयोजन होते. जॉर्ज एव्हरेस्टने १८२९ मध्ये आयर्लंडमधील या कामाची पाहणी केली आणि तेथे वापरात असलेल्या पद्धतीच्या मापनदंडांनीच पुढे १८३१–३२ मध्ये कलकत्त्याची पायारेषा मोजली गेली, ही गोष्ट भारतीय वाचकाने विसरू नये. पण त्याच खात्याच्या आश्रयाने आयरिश स्थलनामांचा अभूतपूर्व साठा जतन झाला, हेही तितकेच खरे. आरनच्या मोठ्या बेटाला तेथील आयरिशभाषक 'आरन' असेच म्हणत आले. 'इनिशमोर' हे रूप रूढ केले ते नकाशाने. आणि नकाशाने विकृत केलेली अनेक नावे पुन्हा शोधून काढली ती टिम रॉबिन्सन या यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्या इंग्रजाने. त्याने आरनचा स्वतःचा नकाशा १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. 'वसाहतवादी इंग्रज' आणि 'पीडित आयरिश' या दोन खणांत ओ'डोनव्हन बसत नाही, रॉबिन्सन बसत नाही आणि पीट्रीही बसत नाही.

पीट्रीची आणखी एक अडचण आहे. आयर्लंडमधील उंच वर्तुळाकार मनोरे पूर्वेकडून आलेल्या लोकांनी बांधले, असे मत तेव्हा जोरात होते. हेन्री ओ'ब्रायनने १८३४ मध्ये त्यांचा संबंध बौद्धांशी आणि लिंगपूजेशी जोडला. पीट्रीने पुराव्यांच्या आधारे हे मनोरे ख्रिस्ती मठांच्या परिसरातील घंटाघरे असल्याचे दाखवले. रॉयल आयरिश अकादमीचे सुवर्णपदक मिळालेला त्याचा हा प्रबंध १८४५ मध्ये ग्रंथरूपाने आला. म्हणजे ज्याला 'पौर्वात्यवादी' ठरवायचे, त्यानेच पूर्वेविषयीच्या कल्पनाविलासाला आवर घातला. तयार सूत्राला असे तपशील गैरसोयीचे असतात. म्हणून ते वाचले जात नाहीत.

५

मग पीट्रीच्या चित्राला काहीच विचारायचे नाही काय? विचारायचे आहे; पण प्रश्न त्या भूमीतून यायला हवा.

आरनवर पीट नाही. जळण कॉनमाराहून होड्यांतून आणावे लागे. मोठ्या बेटाचा पुष्कळसा भाग उघडा चुनखडक. त्यावर शेत करायचे, तर खडकातील भेगा दगडगोट्यांनी बुजवायच्या, किनाऱ्यावरची वाळू आणि समुद्रशेवाळ पाठीवर वाहून आणायचे, थरावर थर पसरायचे, आणि त्यातून तयार झालेल्या मातीत बटाटा किंवा राय लावायची. वाऱ्याने ही माती उडू नये म्हणून सभोवती दगडी बांध घालायचे, तेही चुना न वापरता. ही माती मिळालेली नाही, केलेली आहे. १८४१च्या जनगणनेत या तीन बेटांवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसे होती. बेटे डिग्बी घराण्याच्या मालकीची होती, आणि हे जमीनदार राहत आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, किल्डेअर परगण्यात. कुळाने स्वतःच्या पाठीवर वाहून आणलेल्या मातीचा खंड कुळानेच भरायचा. समुद्रशेवाळ तर खताबरोबर उत्पन्नाचेही साधन होते. ते जाळून उरलेली राख क्षारासाठी आणि पुढे आयोडीनसाठी विकली जाई. समीक्षक ज्याला 'रानटी किनारा' म्हणतो तो असा वाटून दिलेला, मोजलेला, राबवलेला आणि वसुलीखालचा किनारा होता.

येथे पीट्रीच्या चित्रातील खरी भेग दिसू लागते. बेटावर दोन प्रकारच्या भिंती आहेत. एक दुर्गाची, दुसरी शेताची. दगड एकच, चुना न वापरता रचण्याची रीत एकच. पहिलीला चित्रात नायकपद मिळाले, कारण ती प्राचीन होती आणि तिचे कर्ते मृत होते. दुसरी कोणा जिवंत कुळाने गेल्या हिवाळ्यात घातली होती. तिला उदात्ताच्या शास्त्रात जागा नव्हती. पीट्रीला बेटावरील माणसे दिसली नाहीत असे नव्हे. त्यांच्या सद्गुणांविषयी त्याने आदराने लिहिले. परंतु तो आदर अवशेषाचा होता : बाहेरच्या जगाने न बिघडवलेली, जुन्या काळाची साक्ष म्हणून उरलेली माणसे. भिंतीसारखीच माणसेही त्याला पुरातन असतील तरच मोलाची वाटली. आक्षेप घ्यायचा तो येथे, आणि हा आक्षेप साम्राज्याच्या नोकरावर नसून देशप्रेमी पुराणवस्तुतज्ज्ञावर आहे, हे अधिक अस्वस्थ करणारे आहे. साम्राज्याला दोष देऊन भारतीय वाचक सुटू शकतो; परंपरेच्या प्रेमातून वर्तमान नाहीसे करणाऱ्या दृष्टीपासून त्याला तसे सुटता येत नाही.

१८५७ च्या सप्टेंबरात या दृष्टीचा एक समारंभच पार पडला. ब्रिटिश असोसिएशनच्या मानववंशशास्त्र विभागाची सहल विल्यम वाइल्डच्या पुढाकाराने आरनवर आली. पीट्री, ओ'डोनव्हन, ओ'करी, बर्टन, सॅम्युएल फर्ग्युसन असे सारे विद्वान जमले आणि दून एंगसच्या आत मेजवानी झाली. भाषणे झाली, बेटकऱ्यांनी या भिंती सांभाळाव्यात, असा उपदेशही झाला. त्याच दशकाच्या आरंभीपर्यंत कॉनॉट प्रांत दुष्काळातून गेला होता. १८४१ मध्ये तेथे चौदा लाखांहून अधिक माणसे होती. १८५१ मध्ये ती दहा लाखांच्या किंचित वर राहिली. भिंती सांभाळण्याचा उपदेश करणाऱ्यांपैकी अनेक जण मनाने उदार होते. प्रश्न औदार्याचा नाही. कोणत्या भिंतीला स्मारक म्हणायचे आणि कोणत्या भिंतीला नुसता बांध, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न आहे.

काळाने या प्रश्नाचे उत्तर मोठ्या उपरोधाने दिले. १८८० च्या दशकात सरकारी खर्चाने दून एंगसची डागडुजी झाली. आज 'आदिम' म्हणून जी भिंत पाहिली जाते तिला एकोणिसाव्या शतकातील हातांचा टेकू आहे. आणि १९९० च्या दशकातील उत्खननात त्या भिंतींआड काय सापडले? घरांच्या फरशा, चुली, कांस्य ओतण्याचे मातीचे साचे. ज्या जागेला उदात्ताचे शिखर मानले गेले तेथे माणसे स्वयंपाक करीत होती आणि कारागिरी करीत होती.

६

चित्रातील सौंदर्याचा आस्वाद घेताना जमिनीच्या खंडाचा हिशेब का मागावा, असा आक्षेप येईल. चित्राने तो हिशेब द्यावा असे कोणी म्हणत नाही. चित्र जेवढे दाखवते तेवढे दाखवण्याचा त्याला अधिकार आहे. हिशेब मागायचा तो समीक्षेकडे, कारण 'रौद्र' हा शब्द चित्राचा नाही, समीक्षेचा आहे. आणि शब्द निष्पाप राहत नाहीत. रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'मॅन ऑफ आरन' हा चित्रपट १९३४ मध्ये आला. त्यात बेटकरी प्रचंड शार्क माशांची शिकार करतात. ती प्रथा बेटावर केव्हाच बंद पडली होती आणि चित्रीकरणासाठी तिथल्या लोकांना ती नव्याने शिकावी लागली. माती तयार करण्याचे कष्ट त्यात आहेत, पण ते माणूस विरुद्ध निसर्ग या शाश्वत झुंजीचे दृश्य म्हणून. त्या मातीवर मालकी कोणाची होती याचा मागमूस नाही. एका पिढीच्या विशेषणाला खरे ठरवण्यासाठी पुढच्या पिढीच्या माणसांना नाटक करावे लागले.

तेव्हा आरंभीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. हा क्रोध कोणाचा? १८२७ च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रोध होताच. आरनसमोरच्या क्लेअर परगण्याने १८२८ मध्ये, कॅथलिकांना पार्लमेंटचे दार बंद असतानाही, डॅनिएल ओ'कॉनेलला निवडून दिले. १८२९ मध्ये ते दार उघडावे लागले. १८३१ पासून चर्चच्या दशांश कराविरुद्धचा लढा पेटला. या क्रोधाला आलंबन होते, अनुभाव होते, स्थायिभाव होता. रौद्ररसाची सारी सामग्री किनाऱ्यावरच्या माणसांपाशी होती. सौंदर्यवादी समीक्षेने ती त्यांच्याकडून काढून समुद्राला दिली. वसाहतोत्तर समीक्षेने ती परत मिळवली, पण माणसांच्या हाती न देता स्वतःच्या परिभाषेत ठेवून घेतली. दोन्ही वेळा किनाऱ्यावरचा माणूस रिकाम्या हातानेच उभा राहिला.

उपाय अवघड नाही, फक्त कष्टाचा आहे. 'रौद्र' लिहिण्यापूर्वी त्या जमिनीत काय पिकते, जळण कोठून येते, खंड कोण घेतो आणि त्या कड्याला तेथील माणसे कोणत्या नावाने हाक मारतात, एवढे विचारावे. एवढे विचारूनही तोच शब्द लिहावासा वाटला, तर जरूर लिहावा; मात्र त्यासोबत क्रुद्ध कोण आहे, तेही सांगावे.